मी पोचले की त्या निघतात

ताई,

माझं वय ४६. शाळेबरोबर सुटलेली सायकल गेल्या वर्षी पुन्हा हातात घेतली. मुलाची जुनी, जाड टायरची आहे. एकटीनं फिरून थोडा धीर आला तेव्हा आमच्या भागातल्या बायकांच्या सायकल ग्रुपमध्ये नाव घातलं. त्यांची दर रविवारी सकाळी राइड असते. निरोपात लिहिलं होतं, '३० किलोमीटर, आरामात, गप्पा मारत.' आम्ही चौदा जणी होतो. पहिले पाच-सहा किलोमीटर खरंच मजा आली. मग चढ लागला आणि मी मागे पडले. बाकीच्या वर थांबल्या होत्या. मला बघून हसल्या, 'शाब्बास' म्हणाल्या आणि मी पोचले तशा निघाल्या. असं तीनदा झालं. मधल्या मोठ्या थांब्यावर पोचले तेव्हा त्यांचं खाणंपिणं उरकून फोटो काढणं चाललं होतं. कुणी मनाला लागेल असं काही बोललं नाही, सगळ्या गोडच वागल्या. पण घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून मी रडले.

त्यानंतर तीन रविवार गुडघा दुखतो असं खोटंच कळवतेय. त्यांच्यातली एक अजून विचारते, 'येतेस ना?' नवरा म्हणतो, 'ग्रुप कशाला हवा, मी येतो की तुझ्याबरोबर.' मी ठरवलंय की सहा महिने एकटीनं सराव करायचा, वेग वाढवायचा आणि मगच तोंड दाखवायचं. बरोबर ठरवलंय ना? की या वयात हा नादच सोडून देऊ?

— मागे राहिलेली

ता.क. त्यातल्या बऱ्याच जणी पॅडवाली चड्डी घालतात. तिच्या आत काय घालायचं? तिथे विचारायची लाज वाटली.

●

तुमचं पत्र वाचताना मला आधी तुम्ही नाही, चढाच्या माथ्यावर थांबलेल्या बायका दिसल्या. कारण त्यांच्यात मी होते. तुमच्या ग्रुपमध्ये नव्हे, माझ्या.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवीन बाई आली होती. प्रत्येक चढावर आम्ही तिच्यासाठी थांबायचो. थांबायचो म्हणजे काय, तर पाणी प्यायचो, पाठ मोकळी करायचो, अर्धवट राहिलेल्या गप्पा पुऱ्या करायचो. चार-पाच मिनिटं सहज मिळायची. ती घामाघूम होऊन वर यायची, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि लगेच पॅडलवर पाय ठेवायचो. आपण किती समजूतदार, असंही मनातल्या मनात वाटायचं. हिशोब मात्र कुणी केला नव्हता. चार चढ धरले तर आम्हाला मिळाली पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती आणि तिला शून्य. जी सगळ्यांत दमलेली, तिलाच दम खायला मिळत नव्हता आणि वर 'माझ्यामुळे थांबावं लागलं' म्हणून ओशाळायचीही तीच. तिसऱ्या राइडनंतर ती आली नाही. तिचाही गुडघाच दुखत होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चुकीचं ठरवलंय. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, अशातला हा बेत आहे. ग्रुपमध्ये सायकल चालवणं हे वेगळंच काम आहे आणि ते एकटीनं सहा महिने काय, सहा वर्षं फिरून येत नाही. शिवाय त्या दिवशी जे झालं त्यात तुमच्या पायांचा दोष मला जेमतेम एक तृतीयांश दिसतो. उरलेला ग्रुपच्या सवयींचा आणि तुमच्या मुलाच्या सायकलचा.

आधी ग्रुपचं बोलू. 'गप्पा मारत' असं निरोपात लिहिलं होतं ना? सायकलवाल्यांमध्ये हे नुसतं गोड बोलणं नसतं, ते वेगाचं माप असतं. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर शरीर आरामात चाललंय. दोन-दोन शब्दांवर वाक्य तुटायला लागलं की तो वेग गप्पांचा राहिलेला नाही. आणि हे माप लावायचं ते रांगेतल्या सगळ्यांत दमणाऱ्या बाईला. पुढची गप्पा मारू शकते हे कुणाला सांगायला नको, ती गाणंसुद्धा म्हणू शकेल. म्हणजे वेग तुम्हाला पाळता आला नाही, यापेक्षा दिलेला शब्द ग्रुपनं पाळला नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. मुद्दाम नव्हे, पण नाही पाळला.

दुसरं. तुमच्या मागे कोण होतं? पत्रावरून दिसतं की कुणीच नव्हतं, शेवटी तुम्हीच होतात. ज्या ग्रुपला राइडची समज आहे तिथे शेवटी एक तयारीची बाई राहते, तिला स्वीप म्हणतात. तिचं काम एकच, आपल्या मागे कुणी राहू द्यायचं नाही. तुम्ही चालत चढलात तर तीही चालते. राइडची वाट दाखवणारी पुढे आणि स्वीप मागे, मधल्या सगळ्या निर्धास्त. तुमचं टायर त्या चढावर बसलं असतं तर? माथ्यावरच्या तेरा जणींना कळायला किती वेळ लागला असता? 'आम्ही कुणाला सोडून जात नाही' असं बरेच ग्रुप सांगतात आणि माथ्यावर थांबून तांत्रिकदृष्ट्या ते पाळतातही. पण वाटेत ती बाई एकटीच असते.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला उलटी वाटेल. पुढच्या वेळी शेवटी राहू नका. पुढून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी राहा. नवीन बायका संकोचानं आपणहून मागे सरकतात, 'कुणाच्या वाटेत नको' म्हणून, आणि तिथेच मार खातात. चौदा सायकली ओळीनं चालल्या आहेत असं धरा. वळण आलं, पहिली जरा मंदावली. तिच्या मागची सावधपणानं थोडी जास्त मंदावली, तिच्यामागची आणखी थोडी. शेवटचीला जवळजवळ थांबावंच लागतं. तोवर पहिली वळण संपवून सहज वेगात आलेली असते. शेवटची अजून वळणातच, आणि बाहेर येऊन बघते तर रांग लांब गेलेली. मग ती जीव खाऊन पॅडल मारते, जेमतेम गाठते, तोच पुढचं वळण येतं. पेटीचा भाता जसा उघडतो-मिटतो तशी रांग ताणते आणि आवळते, आणि सगळ्यांत जास्त हेलकावे शेवटच्या टोकाला बसतात. म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच सरासरी वेगात पहिली बाई संथ चालते आणि शेवटची दर वळणाला शर्यत लावते. तुम्ही ३० किलोमीटर अशा शर्यती लावल्यात. दमाल नाही तर काय!

पुढून दुसऱ्या-तिसऱ्या जागी आणखी एक फायदा असतो, वाऱ्याचा. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरवरून २० वर गेलात तर वेग वाढला एक तृतीयांश, पण अडसर जवळजवळ पावणेदोन-पट झाला. समोर कुणी असेल तर त्याचा बराच वाटा ती अंगावर घेते. फक्त अंतर राखा. सुरुवातीला तिच्या नि तुमच्यामध्ये एक सायकल मावेल एवढी जागा ठेवा, आणि तुमचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नका. ती खड्डा चुकवायला वीतभर जरी सरकली आणि चाकाला चाक लागलं तर पुढची बहुधा सावरते, पडते ती मागची. नजर तिच्या चाकावर खिळवू नका, तिच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. हे दोन-तीन राइडमध्ये अंगवळणी पडतं, आणि मी म्हणाले ना, एकटीनं शिकता येत नाही ते हेच.

सायकलकडे येऊ. मुलाची, जुनी, जाड टायरची. यातल्या तिन्ही शब्दांनी मला काळजी वाटली. टायरमध्ये शेवटची हवा कधी मारली होती? अंगठ्यानं दाबून 'ठीक आहे' म्हणू नका. टायरच्या बाजूला हवेच्या दाबाचा आकडा उठवलेला असतो, मोजणी असलेल्या पंपानं त्या मर्यादेत हवा भरा, आणि ट्यूबमधून हवा थोडी-थोडी जातच असते म्हणून दर राइडच्या आदल्या दिवशी बघा. टायरवर ट्रॅक्टरसारखे गुंडे असतील तर ते मातीसाठी असतात, डांबरी रस्त्यावर नुसते घरघर करतात आणि तुमची ताकद खातात. त्याच चाकावर बसणारे गुळगुळीत टायर मिळतात. नवीन सायकल घ्यायचा विचार त्याच्या नंतर.

आणि सीट. बहुतेक बायकांची सीट बुटकी असते, कारण बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. त्यात गुडघा पूर्ण उघडतच नाही. उकिडवं बसून जिना चढण्यासारखं ते होतं आणि हळूहळू गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. म्हणजे तुमचं खोटं कारण खरं व्हायची पुरती सोय. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा, पण कमरेनं एका बाजूला झुकावं लागता कामा नये. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. हे उतरणं मोकळ्या जागेत दहा-वीसदा घोटून घ्या. एकदम जमणार नसेल तर सीट दर आठवड्याला बोटभर वर न्या.

चढावर जड गिअरमध्ये पाय रेटत होतात का? मला तशी दाट शंका आहे, कारण एकट्यानं शिकलेल्या बहुतेकांचा समज असतो की जोर लागतोय म्हणजे काम होतंय. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते सपाट रस्त्यावर मोजा. वीस म्हणजे मिनिटाला ८० फेरे, त्याच्या आसपास असू द्या. बारा-तेरा येत असतील तर गिअर हलका करा. चढावर फेरे कमी होणारच, पण गिअर चढ सुरू होण्याआधीच हलका करायचा. अर्ध्या चढावर, चेनवर सगळा जोर असताना बदलायला गेलात तर कडकड आवाज येतो, चेन अडते किंवा उतरते, आणि मग उतरून ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. ढकलण्यात कमीपणा काही नाही म्हणा. मी ढकलते.

पाणी जवळ, तासाभरानंतर लागेल असं काहीतरी गोड खिशात, स्वतःच्या मापाची ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप. पंक्चर काढता येत नसलं तरी सामान तुमचं असू द्या, काढणारी कुणी भेटते. फक्त नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सांभाळून बोट फिरवायला सांगा. काटा तिथेच राहिला तर दुसरी ट्यूबही जाते.

आता नवऱ्याचं. त्यांच्याबरोबर जरूर जा, पण ग्रुपच्या बदल्यात नको. 'तुझ्या वेगानं जाऊ' असं म्हणणारा माणूस तिसऱ्या किलोमीटरला वीस हात पुढे असतो आणि तिथून मागे वळून 'गिअर बदल, गिअर!' असं ओरडत असतो, हा माझा आणि माझ्या चार मैत्रिणींचा अनुभव. तुमचे यजमान वेगळे असतील, असू देत. पण प्रश्न सोबतीचा नाहीच. ता.क. मध्ये विचारलंत ते तुम्ही त्यांना विचारलं असतंत का? बायकांच्या ग्रुपचा निम्मा उपयोग त्यासाठी. सीट कुठे टोचते, पाळीच्या दिवसांत काय करतेस, वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, पाळी जायच्या वयात झोप उडालेली असताना पहाटे कशी उठतेस. हे चालत्या सायकलवर, रस्त्याकडे बघत, एकमेकींच्या तोंडाकडे न बघता फार सहज बोललं जातं.

'या वयात' हे शब्द मात्र तुमचे वाटले नाहीत, कुणाचे तरी ऐकलेले वाटले. फ्रान्सिस विलर्ड या अमेरिकेतल्या दारूबंदीच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या, १८९० च्या दशकात, घोळदार झग्यांच्या काळात. रोज साधारण पंधरा मिनिटं असे तीन महिने लागले, आणि सुरुवातीला सायकल धरायला माणसं लागायची. त्यांनी हे कुठे लपवलं नाही, उलट सविस्तर लिहून ठेवलं. त्याच दशकात काही डॉक्टर बजावत होते की सायकलनं बायकांचा चेहरा कायमचा ताठून विद्रूप होतो. आणि उशिराचंच म्हणाल तर पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्येच होती, बायकांची १९८४ मध्ये आली. ८८ वर्षं. तुमच्या तीन रविवारांचं काय घेऊन बसलात?

तर करायचं काय? जी अजून 'येतेस ना?' विचारते, तिला आज लिहा. चौदा जणींच्या गटात नको, तिला एकटीला. शब्द तुमचेच वापरा, पण खोटा गुडघा आधी काढून टाका. साधारण असं: 'गुडघा बरा आहे, दुखत नव्हताच. त्या दिवशी माझी दमछाक झाली आणि मी पोचले की सगळ्या निघायच्या, म्हणून यायचा धीर होईना. पुढच्या राइडला मी पुढे तुझ्यामागे राहू का? आणि चढानंतर मी आल्यावर पाच मिनिटं थांबता येईल का?' याहून जास्त लिहू नका. माफी तर मुळीच मागू नका. रस्त्यातही दर थांब्याला 'सॉरी, सॉरी' करत पोचू नका. ते ऐकून समोरच्यांना 'अगं नाही गं' म्हणावं लागतं आणि खरा मुद्दा विरून जातो.

उत्तर काय येतं त्यावर पुढचं. 'अय्या, आमच्या लक्षातच आलं नाही' असं आलं तर रविवारी जा. माझा अंदाज हाच आहे, कारण आमच्याही खरंच लक्षात आलं नव्हतं. 'होईल गं सवय हळूहळू' एवढंच आलं आणि बदललं काहीच नाही, तर आणखी दोन राइड बघा आणि दुसरा ग्रुप शोधा. काही ग्रुप स्वतःला गप्पांचे म्हणवतात पण आतून सगळ्या कुठल्यातरी स्पर्धेची तयारी करत असतात. त्यात गैर काही नाही, निरोपात तसं लिहावं म्हणजे झालं. जायच्या आधी रस्ताही विचारून घ्या, कुठून परत फिरता येतं ते. पंधरा किलोमीटर त्यांच्याबरोबर आणि मग स्वीपला सांगून घरी, असंही चालतं. न सांगता मात्र वळू नका, मागे शोधाशोध होते. आणि सहा महिन्यांच्या सरावाऐवजी आठवड्यात मधेच एक दिवस अर्धा-पाऊण तास फिरा, मोजलेल्या फेऱ्यांनी. तेवढा पुरे.

ग्रुप चालवणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी आमचा आताचा नियम सांगते. थांब्याचं घड्याळ शेवटची बाई सायकलवरून उतरली की सुरू होतं. आणि निघताना जिला चढ जड जातो ती स्वीपबरोबर आधी निघते, बाकीच्या दोन मिनिटांनी. त्या वाटेत तिला गाठतात, मग माथ्यावर सगळ्या जवळपास एकाच वेळी पोचतात. हा नियम करायला आम्हाला एक बाई गमवावी लागली. तिला मी नंतर फोन केला होता. ती आता पोहायला जाते, आणि बरं चाललंय म्हणाली.

ता.क. चं उत्तर: काही नाही. खरंच काही नाही. ती चड्डी थेट अंगावर घालायची असते, पॅडची रचनाच तशी केलेली असते. आत आणखी कापड आलं की त्याची शिवण बरोबर बसायच्या जागी येते, घाम धरते आणि वीस किलोमीटरनंतर चालताना कळतं. घरी आल्याबरोबर बदला, ओली ठेवून गप्पा मारत बसू नका, आणि दर राइडनंतर धुवा. तरीही टोचत असेल तर दोष बहुधा सीटचा. बायकांची बसायची हाडं साधारणपणे जरा रुंद असतात आणि मुलाची सीट अरुंद. मध्ये खाच असलेल्या रुंद सीट मिळतात. त्या तेरा जणींपैकी कुणाकडे तशी असेल तर एक चक्कर मारून बघा. असेल तिच्याकडे, आणि कुठून घेतली हे ती न विचारताही सांगेल.